जबड्याची गादी आणि बरगडीच्या पेशी: डुकराचा सांधा माणसाला बसवणार का?

नमस्कार मंडळी! जबड्याच्या सांध्यातली झिजलेली गादी बरगडीच्या पेशींनी दुरुस्त करायच्या प्रयोगावरच्या मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय, "ताई, डुकराची गादी आम्हाला बसवणार का?" नाही हो. या प्रयोगात डोनरही डुक्कर आणि पेशंटही डुक्करच.

बेसिक पटकन सांगते. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडा, हलतोय ना, तोच जबड्याचा सांधा. मणक्यात असते तशी यातही गादी असते, ती झिजून पातळ होते, कधी भोकही पडतं. माझ्या आईला भाकरी चावताना कट्ट आवाज यायचा, शेजारी बसलेल्यालाही ऐकू जायचा, शेवटी ती दुधात कुस्करून खायला लागली. म्हणून हा विषय मला इतका जवळचा आहे.

तर २०१८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या टीमने मिनीपिगवरचं, म्हणजे लहान जातीच्या डुकरांवरचं काम छापलं. दुसऱ्या मिनीपिगच्या बरगडीच्या कूर्चेतून, म्हणजे मऊ लवचिक हाडातून पेशी घेतल्या, लॅबमध्ये वाढवल्या, आधाराला कुठली जाळी न वापरता त्यांचा तुकडा तयार केला.

आता खरी अडचण, तो तुकडा टिकवायचा कसा? कमेंटमध्ये लिहितात, "वरून चिकटवा की." अहो, घास चावला की गादी पुढेमागे सरकते, वर ठेवलेलं राहील का? म्हणून गादीच्या जाडीतच खिसा केला आणि तुकडा त्यात सरकवला. उशीला अभ्रा घालतो तसं. किंवा पुरणपोळी बघा, पुरण वर थापत नाही, आत भरतो. गोधडीला वरून लावलेलं ठिगळ उसवतं, दोन थरांमधलं कापड जागेवर राहतं, तेच हे.

तुकडा न घातलेल्यांपेक्षा दुरुस्त झालेला भाग ३.४ पट कडक निघाला, आणि तुकडा न घातलेल्यांमध्ये सांध्याच्या झिजेचा स्कोअर तुकडा घातलेल्यांच्या ३ पट होता. पण प्लीज, "जबडा पुन्हा उगवला" असले थंबनेल लावू नका! हे पातळ झालेल्या गादीचं आहे, अख्ख्या सांध्याचं नाही.

"मग डुकरांवर कशाला वेळ घालवतात, डायरेक्ट माणसात करा" म्हणणाऱ्यांनी हे ऐका. १९८० च्या दशकात प्रोप्लास्ट-टेफ्लॉन नावाच्या कृत्रिम पदार्थाच्या गाद्या माणसांना बसवल्या, चावून चावून त्यांचे कण झाले, शरीराने त्या कणांवर हल्ला केला आणि त्यात आजूबाजूचं हाड झिजलं. अमेरिकेत १९९१ मध्ये त्या परत मागवाव्या लागल्या, तोवर कितीतरी लोकांचे जबडे गेले होते.

आणि "कुठे मिळेल" विचारणाऱ्या काकू, हे अजून दवाखान्यात मिळत नाही. तोंड दोन बोटंही उघडत नसेल तर मॅक्सिलोफेशियल म्हणजे जबडा-चेहऱ्याच्या सर्जनला दाखवा, आणि तोवर भाकरी कुस्करूनच खा.