लेपाचा दुसरा डोळा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘लेप आणि डार्विन’. मघाशी दारात एका काकूंनी विचारलं, हा लेप गुडघ्यांना चालतो का? चालतो की, रव्यात घोळून तळला तर! बेळगावात उभं राहून समुद्रावर बोलायचं म्हणजे तसं धाडसच. आपला समुद्र म्हणजे पहाटे चोर्ला चढून येणाऱ्या बर्फाच्या पेट्या.

पण माझं आजोळ कारवारचं. दिवाळीच्या सुट्टीत आजी लेपांचा वाटा घ्यायची. वीतभराचा, जिभेसारखा चपटा मासा. वरून वाळूच्या रंगाचा, खालून पांढराफटक, आणि दोन्ही डोळे डाव्या अंगाला. आजी एका ओढीत त्याचं कातडं सोलायची, मी डोळे मोजत बसायचो.

सहावीत चित्रकलेला ‘मासा’ आला. मी लेप काढला, दोन डोळ्यांचा. गुरुजींनी लाल पेन्सिलीनं एक डोळा खोडला आणि दहापैकी शून्य दिला. म्हणाले, ‘‘बाजूनं बघितलं तर डोळा एकच दिसतो, गाढवा.’’ हे शून्य मला अजून सलतं, आज पासष्टाव्या वर्षी! पुढच्या सुट्टीत मी आजीकडून एक सुका लेप मागून घेतला आणि भूगोलाच्या वहीत दाबून पुरावा म्हणून वर्गात नेला. वही उघडायच्या आधीच वर्ग उठला. गुरुजी शाकाहारी. पुराव्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, छड्या तेवढ्या मोजून दिल्या. शाळेचं नाव सांगत नाही. समोर दोघंतिघं माझ्याच वर्गातले बसलेत आणि आतापासूनच हसताहेत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, सात मिनिटं. बरं.

तर लेप जन्मतो चारचौघांसारखा, दोन बाजूंना दोन डोळे घेऊन. नखाएवढा असतानाच कवटी पिळवटते, उजवा डोळा सरकत डावीकडे येतो आणि स्वारी वाळूत आडवी होते. डार्विनचं म्हणणं, की प्राणी पिढ्यानपिढ्या बारीकसारीक, उपयोगी बदलांनी घडत जातात. 1871 साली मायवार्ट नावाच्या विद्वानानं त्याला अडवलं: डोळा अर्ध्या वाटेवर असताना त्याचा उपयोग काय? प्रश्न चोख होता. डार्विननं आपल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या पुस्तकाच्या 1872च्या आवृत्तीत उत्तर दिलं, की कुशीवर पडलेलं पिल्लू खालचा डोळा वर ताणतं आणि ती सवय पिढ्यांत उतरते. सवयीचा हा भाग पुढे टिकला नाही. पण 2008 साली मॅट फ्रीडमन या जीवाश्मांच्या अभ्यासकानं सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे इटलीतले जीवाश्म तपासले. पूर्ण वाढलेले मासे, आणि एक डोळा खरोखरच अर्ध्या वाटेवर! नमुने संग्रहालयांत कधीचे पडून होते, नीट पाहिलं नव्हतं कुणी. गुरुजींचीच जात.

अर्ध्यावरचा डोळा आपल्याला का नवा आहे? एक मुंबईकडे, एक बंगळुरूकडे, उताऱ्यावर कन्नड आणि घरात मराठी. चाललंय ना?

रंगाचं राहिलंच. चपटे मासे तळ बघून अंगाचा रंग बदलतात. डोळे झाकले तर जमत नाही. 1911 साली सम्नर या शास्त्रज्ञानं त्यांना बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींवर ठेवलं, तर अंगावर काळेपांढरे डाग उमटले. रामचंद्रन या शास्त्रज्ञानं 1996 साली दाखवलं, की उष्ण समुद्रातल्या एका जातीला त्यासाठी दोन ते आठ सेकंद पुरतात.

अध्यक्ष उभे राहिले. एक सुका लेप पिशवीत आणलाय, ज्यांना डोळे मोजायचे असतील त्यांनी पुढे यावं. पहिल्या रांगेला वास आलाच असेल.