बाटली हलवून घ्यावी

(दृश्य : सांगलीतल्या एका वाचनालयाचं लाकडी कपाट. एक पुस्तक बाहेर येतं.)

या पुस्तकाचं बाइंडिंग बहुतेक तिसऱ्यांदा झालंय. पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलंय. त्याखाली, वेगळ्या हस्ताक्षरात, त्या लिहिणाऱ्याला घातलेली शिवी. ती काही वाचून दाखवत नाही.

लेखिका अगाथा ख्रिस्ती. जन्म १५ सप्टेंबर १८९०, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं टॉर्की. ६६ रहस्यकादंबऱ्या, टोकदार मिशांचा गुप्तहेर पोइरो, विणकाम करता करता खुनी हुडकणाऱ्या मिस मार्पल. वाचणाऱ्यांना हे पाठ असतं. पण नाटकाच्या गावातून बघताना आपली नजर जाते ती दुसऱ्या अगाथाबाईंकडे. नाटककार बाईंकडे.

(दृश्य : मिरज. जुन्या दवाखान्याचा काउंटर, रंगीत काचेच्या बाटल्या.)

मिरजेत ज्यांनी जुने कंपाउंडर पाहिलेत, त्यांना ती बाटली आठवेल. गुलाबी औषध, बाजूला खाचा पाडलेली कागदी पट्टी. एक खाच, एक डोस. आणि खिडकीतून येणारा आवाज : "बाटली हलवून घ्या हो!"

पहिल्या महायुद्धात अगाथाबाई टॉर्कीच्या इस्पितळात आधी परिचारिका होत्या, मग औषधं बनवणाऱ्या विभागात गेल्या. थोडक्यात, कंपाउंडरच. १९१६ साली तिथंच त्यांनी पहिली रहस्यकादंबरी लिहायला घेतली, आणि तिचा खून याच हलवण्यावर उभा केला. शंभर वर्षं उलटलीत, म्हणून रहस्य फोडतो, माफी असावी. त्या काळी स्ट्रिक्नीन शक्तिवर्धक म्हणून अगदी थोडं थोडं देत. आपल्याकडच्या काजऱ्याच्या बीतलंच हे विष. खुनाला विकतचं विष लागतच नाही. रोजच्या टॉनिकमध्ये खुनी झोपेची साधी ब्रोमाइडची पूड मिसळतो. सगळं स्ट्रिक्नीन तळाशी बसतं आणि शेवटच्या डोसात एकदम पोटात जातं. बाटली कुणी हलवलेलीच नसते.

पुस्तक १९२० साली आलं. औषधशास्त्राच्या नियतकालिकानं त्यातल्या विषाच्या माहितीचं कौतुक केलं. ती दाद बाईंना फार आवडली होती म्हणे. बरोबरच आहे, सुगरणीला आचाऱ्यानं दाद द्यावी तसं ते.

हे ज्ञान पुढं एका जिवाच्या कामी आलं. १९६१ च्या 'द पेल हॉर्स'मध्ये थॅलियमच्या विषबाधेची लक्षणं आहेत, केस गळणं वगैरे. १९७७ साली लंडनच्या इस्पितळात कतारहून आणलेल्या तान्ह्या मुलीचं निदान डॉक्टरांना होईना. ही कादंबरी वाचत असलेल्या नर्सनं थॅलियमची शंका काढली. ती खरी निघाली आणि मूल वाचलं. लेखिका आदल्या वर्षीच गेली होती.

(दृश्य : धुकं, रिकामी मोटार.)

१९२६ चं प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण त्यावर नको तेवढं बोलून झालंय. आई वारली, नवऱ्यानं घटस्फोट मागितला. ३ डिसेंबरच्या रात्री बाई घरातून निघून गेल्या. अकरा दिवसांनी हॅरोगेटच्या हॉटेलात सापडल्या, नवऱ्याच्या प्रेयसीचं आडनाव लावून राहिलेल्या. का, ते त्यांनी आत्मचरित्रातही लिहिलं नाही. त्यांचा तो हक्क होता, असं आम्हाला वाटतं.

पुढं १९३० साली मॅक्स मॅलोवन या पुरातत्त्वज्ञाशी लग्न. तो त्यांच्याहून जवळपास चौदा वर्षांनी लहान. इराकमध्ये निमरुदच्या उत्खननात निघालेले हस्तिदंती तुकडे बाई स्वतः साफ करायच्या. विणकामाची बारीक सुई, चेहऱ्याला लावायचं क्रीम, असली हत्यारं.

(दृश्य : सांगलीतलं नाट्यगृह. मोकळा रंगमंच, एक दिवा.)

आता नाटक.

१८४३ साली याच गावात विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्यात सूत्रधार सबंध खेळभर रंगमंचावर. पदं त्यानंच म्हणायची, गोष्ट त्यानंच पुढं न्यायची. अगाथाबाईंनी नेमका आपला सूत्रधार हाकलला. त्यांच्या कादंबरीवर दुसऱ्यानं बेतलेलं नाटक १९२८ साली आलं. ते त्यांना पटलं नाही, म्हणून त्यांनी स्वतः 'ब्लॅक कॉफी' लिहिलं. पुढं स्वतःच्या कादंबऱ्यांची नाटकं करताना मात्र त्या पोइरोला सरळ वगळू लागल्या. आपल्याकडं एखादा नाटककार हुकमी टाळ्या घेणारं पात्र स्वतःच्या हातानं कापेल का? पोइरो उभा असला की प्रेक्षक त्याच्याकडंच बघणार. कोपऱ्यात गुपचूप बसलेल्या खुन्याकडं लक्ष कुणाचं जाणार?

सांगलीत मराठी रंगभूमीची शताब्दी साजरी झाली त्याच १९४३ साली, युद्ध चालू असताना, लंडनमध्ये त्यांचं बेटावर अडकलेल्या दहा माणसांचं नाटक लागलं. कादंबरीत दहाही मरतात. नाटकात त्यांनी शेवट बदलला, दोघांना जगवलं. सगळेच मेले तर गोष्ट सांगायला रंगमंचावर उरणार कोण, ही साधी अडचण होती.

१९५४ साली लंडनच्या वेस्ट एंडमध्ये त्यांची तीन नाटकं एकाच वेळी चालू होती. त्यातलं 'द माउसट्रॅप' २५ नोव्हेंबर १९५२ पासूनचं. मूळ अर्ध्या तासाची श्रुतिका, राणी मेरीच्या ८० व्या वाढदिवसासाठी लिहिलेली. नाटकाचे हक्क बाईंनी नातवाला देऊन टाकले. तो तेव्हा नऊ वर्षांचा. १९७४ साली शनिवारी एका थिएटरात खेळ करून सोमवारी शेजारच्या थिएटरात पडदा उघडला, खंड नाही. खंड पडला तो २०२० मध्ये, कोरोनानं. प्रयोग संपला की नट पुढं येऊन विनवतो, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. वाचनालयातल्या आमच्या पेन्सिलवाल्याला तिथं पाठवायला हवं होतं.

(दृश्य : जुन्या टॉकीजची तिकीटखिडकी.)

'माउसट्रॅप'च्या पहिल्या संचात पोलिसाचं काम करणाऱ्या तरुण नटानं पगाराचा काही भाग सोडून नफ्यात हिस्सा घेतला होता. त्याचं नाव रिचर्ड अ‍ॅटनबरो. पुढं चित्रपटासाठी पैसा कमी पडायला लागला तेव्हा त्यानं या नाटकातला उरलेला हिस्सा विकला. तो चित्रपट १९८२ साली आला. आमच्या पिढीला शाळेनं रांगेनं नेऊन दाखवलेला 'गांधी'.