तळं उतरतं तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

जलपर्णी कुणालाच नको असते, म्हणून प्रत्येक गाव ती पुढच्या गावाला देऊन मोकळं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, निघतात, वरची हिरवी गादी सुटते आणि खालच्या बंधाऱ्याला जाऊन अडकते. नदीचं तरी एक बरं असतं. ऑगस्टात पाणी चढलं की कृष्णा सगळं धुऊन नेते. तळ्याला अशी वाट नाही. तळ्यात शिरलेली जलपर्णी तळ्यातच नांदते, तिथंच फुलते आणि तिथंच बी टाकते. म्हणून आज नदी बाजूला ठेवून तळ्याबद्दल बोलतो.

मी वनस्पतिशास्त्राचा मास्तर, आता निवृत्त. काही वर्षांपूर्वी खटावाकडच्या एका गावानं मला सल्ल्याला बोलावलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात चूक गावाची नव्हती, माझी होती. लघुपाटबंधाऱ्याचा तलाव, दोन वर्षांत पाणी दिसेनासं झालेलं. मी म्हटलं, पाणी उतरवा. फाल्गुनात मोरी, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडली, उन्हाळी पिकाला आवर्तन दिलं, पाणी पार मृतसाठ्याजवळ, म्हणजे मोरीतून निघत नाही त्या तळच्या पाण्याजवळ आलं. जलपर्णी गाळावर बसली. पंधरा दिवसांत वरची पानं तपकिरी झाली. कडेला बसलेले एक म्हातारबा मला म्हणाले, "आवं मास्तर, आता कुटली यायला बसलीय परत!" मीही मान डोलावली, चहा घेतला आणि एसटी धरली.

गणपतीत फोन आला. तळं पुन्हा हिरवं.

काय झालं ते सांगतो, कारण पाणी उतरवण्याच्या उपायाची सगळी खोच त्यातच आहे.

हा उपाय जुना आहे आणि अमेरिकेत तो नेमानं वापरतात. कनेक्टिकट राज्यात कँडलवुड नावाचं मोठं तळं आहे, १९२८ साली विजेसाठी केलेलं. तिथं पाण्यात युरोप-आशियातून आलेलं एक तण माजतं, पिसासारख्या बारीक पानांचं, तळाशी मुळं रोवून वर येणारं. हिवाळ्यात तळ्याची पातळी खाली घेतात. काठाचा तळ उघडा पडतो, थंडीनं गोठतो, सुकतो आणि मुळं मरतात. वसंतात तळं परत भरतात. यात मारणारं हत्यार थंडी आहे, पाणी कमी करणं म्हणजे फक्त तण उघडं पाडणं. बर्फाची जाड चादर आधीच पडली तर तीच तळाला ऊब देते आणि तण वाचतं, इतकं ते नाजूक गणित आहे.

आता आपल्याकडं थंडी कुठली? जानेवारीत वर्तमानपत्रात फोटो येतो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले. फोटो छान असतो, पण त्या हिमकणांनी गाळातलं एक मूळही मरत नाही. आपलं हत्यार वेगळं आहे आणि ते फुकट मिळतं. वैशाखाचं ऊन. माणदेशातलं, जतचं, आटपाडीचं ऊन ज्यांनी अनुभवलंय त्यांना आणखी सांगायला नको.

पण ऊन गाळाच्या वरच्या थरावर लागतं, आणि जलपर्णी भलतीच चिवट. ती तरंगणारी वनस्पती, हे आपण शाळेत शिकतो. पाणी गेलं की ती मरेल असं वाटतं. ओल्या गाळावर टेकली की ती तिथंच मुळं धरते. वरची पानं वाळतात, पण गड्ड्याचा गाभा हिरवाच राहतो. त्या म्हातारबांना आणि मला जे तपकिरी दिसलं ते फक्त पांघरूण होतं. दुसरी गोष्ट बियांची. फूल सरलं की जलपर्णीचा दांडा वाकतो आणि बी पाण्यात सोडतो. ते गाळात बसतं आणि १५ ते २० वर्षं जिवंत राहू शकतं. खोल पाण्याखाली ते झोपलेलं असतं. त्याला जाग येते ती उघड्या, ओलसर, उजेडातल्या गाळात. म्हणजे मी गावाला सांगून तळ्याचा तळ उघडा पाडला, आणि वर्षानुवर्षं झोपलेल्या बियांना वाफा तयार करून दिला. त्यात वैशाखात वळीव पडला. शेतकरी ज्याची वाट बघतो तो वळीव या एका कामात शत्रू ठरतो. गाळ भिजला, रोपं उगवली, मृगानंतर पाणी चढलं तशी रोपं सुटून वर तरंगली.

तेव्हा पाणी उतरवलं म्हणजे काम झालं असं धरू नका. पाणी उतरलं की मगच कामाला लागायचं. पाणी मागं सरकत जाईल तशी काठावर अडकलेली जलपर्णी लगेच ओढून वर, भरावाच्या बाहेर काढायची. ओली भरायची नाही. जलपर्णीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ओली जलपर्णी भरून नेणं म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहणं, आणि हा प्रकार मी ठिकठिकाणी बघितलाय. आठ दिवस उन्हात पसरा, मग एका ट्रॉलीत दहा ट्रॉल्यांचा माल मावतो. उरलेला तळ भेगा पडेपर्यंत वाळू द्या. गाळात टाच रुतते आहे तोवर तो वाळलेला नाही. वळीव झाला तर आठवड्याभरानं तळात फेरी मारा आणि बोटभर रोपं उपटा. बोटभर असताना ती पोरंसोरं काढतात, ऑगस्टात तीच काढायला मशीन लागतं.

मोरीच्या तोंडाला जाळी विसरू नका. नाहीतर आवर्तनाबरोबर तुकडे पाटात, पाटातून शेततळ्यात, आणि पुन्हा तेच, पुढच्या गावाला भेट.

पाझर तलावाला बहुधा मोरीच नसते, तो आपसूक जिरत जिरत उतरतो. आणि खरं सांगायचं तर आपल्या पूर्व भागातले बहुतेक तलाव असे दर उन्हाळ्यात उतरायचेच. कँडलवुडला जे मुद्दाम करावं लागतं ते आपल्याकडं दुष्काळ न मागता करायचा. आता चित्र बदललंय. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी आलं, जिहे-कठापूरचं पाणी नेर तलावाकडं आलं. ज्यांच्या घरात टँकरच्या रांगेत आयुष्य गेलं त्यांना विचारा हे पाणी काय आहे ते. त्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. पण ज्या तलावाच्या तळाला एकेकाळी भेगा पडायच्या तो आता ऐन मे महिन्यात भरलेला असतो, आणि तणाला बारमाही बिऱ्हाड मिळतं. म्हणून योजनेचं पाणी सोडण्याआधी, तण असलेला तलाव दोन-तीन वर्षांतून एकदा आधी उतरू द्यावा, वाळू द्यावा, मग भरावा. पाणी वापर संस्थेनं आवर्तनाच्या तारखा ठरवतानाच हे धरलं तर पाण्याचा थेंबही वाया जात नाही, कारण उतरवलेलं पाणी पिकालाच जातं.

वाळलेल्या तळात गाळपेर करणारे आपल्याकडं पूर्वीपासून आहेत. कलिंगड, काकडी, चाऱ्याचा मका. त्या निमित्तानं नांगर फिरतो, गड्डे उलथतात. गाळ काढून शेतात टाकला तर त्यातलं जलपर्णीचं बी जिरायत रानात काही करू शकत नाही.

सगळ्याच तणांवर हे चालत नाही, हेही सांगायला हवं. हायड्रिला घ्या. ती आपल्याच भागातली. १९५० च्या दशकात काचेच्या टाक्यांतल्या शोभेसाठी ती अमेरिकेतल्या फ्लोरिडात गेली आणि तिथं तिनं असा धुमाकूळ घातला की आज त्यांच्या डोक्याला ताप होऊन बसलीय. आपण त्यांच्या शेजारच्या दक्षिण अमेरिकेची जलपर्णी सोसतो, ते आपली हायड्रिला. फिटंफाट! हायड्रिला गाळात बारीक कंद धरते, ते कोरड्यालाही दाद देत नाहीत. पाणी उतरवून भरलं की प्रतिस्पर्धी तणं गेलेली असतात आणि ती आणखी जोमानं येते. तिथं गवत्या मासा सोडणं बरं, तो ती आवडीनं खातो. जलपर्णीला मात्र सहसा तोंड लावत नाही.

मासेमारीचा ठेका असेल तर सोसायटीला महिनाभर आधी सांगा. पाणी उतरलं की कटला, रोहू थोड्या डबक्यात गोळा होतात, पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करतात आणि एका रात्रीत मरतात. काठच्या विहिरींचं पाणीही खाली जातं. प्यायच्या पाण्याची एकच विहीर तलावाखाली असेल तर हा उपाय त्या वर्षी करूच नये. आणि गावाचं सांडपाणी तळ्यात येत असेल तर आधी ते वळवा, कारण जलपर्णीचं खत तेच.

त्या गावात मी दोन वर्षांनी परत गेलो. या वेळी मोरीला जाळी होती. काठावर वाळलेल्या जलपर्णीचे ढीग होते. वळीव होऊन आठ दिवस झाले होते आणि हायस्कूलची पोरं चपला हातात घेऊन भेगाळलेल्या तळात वाकून चालत होती. खताच्या पिशव्यांत रोपं भरत होती. तेच म्हातारबा कडेला बसलेले. मला बघून म्हणाले, "मास्तर, ह्या टायमाला च्या नंतर. आदी ती पिशवी घ्या."

घेतली. संध्याकाळपर्यंत तीन पिशव्या भरल्या आणि शेवटची एसटी चुकली.

नमस्कार.