ज्या पाकिटाला भंगारवालाही हात लावत नाही, त्याची वीज होते?

नमस्कार! हे वेफर्सचं रिकामं पाकीट बघा. बाहेरून रंगीत, आतून चकचकीत. प्लास्टिकचे दोन-तीन थर आणि त्यांवर ॲल्युमिनियमचा अगदी पातळ मुलामा. हे थर सुटे करणं इतकं किचकट आणि खर्चिक आहे की भंगारवाला सहसा ते घेतच नाही. मग ते जातं डम्पिंग ग्राउंडवर आणि वर्षानुवर्षं तिथेच पडून राहतं.

पण प्लास्टिक मुळात खनिज तेल आणि वायूपासून बनतं, म्हणजे ते चांगलं जळतं. भट्टीत कचरा जाळायचा, त्या उष्णतेने बॉयलरमध्ये वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं, की वीज तयार. राख उरते वजनाने साधारण पाव हिस्सा.

आता धुराचं काय? हा प्रश्न विचारायलाच हवा. उघड्यावर कचरा पेटवणं वेगळं आणि हे वेगळं. युरोपीय संघाचा नियम सांगते: जळताना निघालेला वायू किमान 850 अंश सेल्सिअसला 2 सेकंद तरी राहिला पाहिजे, म्हणजे डायॉक्सिनसारखी विषं मोडतात. तरी धूर थंड होताना ती पुन्हा तयार होऊ शकतात. म्हणून धुरात चुना आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे विषं शोषून घेणारी कोळशाची पूड, फवारतात, मग तो कापडी फिल्टरमधून गाळतात. फिल्टरमध्ये अडकलेली बारीक राख घातक असते, तिची वेगळी विल्हेवाट लावावी लागते. जिथे यातलं काही नीट होत नाही, तिथले रहिवासी प्रकल्पाला विरोध करत असतील तर मी त्यांच्याच बाजूने आहे.

शिवाय प्लास्टिक जाळलं की कार्बन डायऑक्साइड निघतोच. म्हणून जे पुन्हा वापरात येतं, ते भट्टीत जाता कामा नये.

आणि ओला कचरा तर नाहीच नाही! त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. भट्टीची उष्णता ते पाणी आटवण्यातच संपते, कधीकधी जोडीला तेल जाळावं लागतं. तोच ओला कचरा ढिगाखाली हवेविना कुजला की मिथेन निघतो. 100 वर्षांच्या हिशेबात हा वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट पृथ्वी तापवतो. त्यापेक्षा बंद टाकीत कुजवला, तर त्याच मिथेनचा बायोगॅस म्हणून वापर होतो.

तर हे पाकीट झटकलं, कोरडं केलं, सुक्या कचऱ्यात टाकलं. ही प्लास्टिकची बाटली मात्र मी बाजूला ठेवतेय. ती भंगारवाला नेईल.