आधी पान उपाशी ठेवा

पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय : ‘सूर्यप्रकाश आणि जीवसृष्टीची ऊर्जा’. तिकडे येतोच. पण आधी एका पानाची तक्रार मांडू द्या. समोर बहुतेक विज्ञानशिक्षकच आहेत, म्हणजे आरोपी आयतेच हजर आहेत.

पान उजेडातच स्टार्च, म्हणजे आपलं अन्न, बनवतं हे दाखवणारा शाळेतला प्रयोग : जास्वंदीच्या पानावर काळा कागद लावायचा, उन्हात ठेवायचं, मग आयोडीन, जे स्टार्चला निळं-काळं करतं. वहीत निरीक्षण ठरलेलं : ‘कागदाखालचा भाग पिवळट, उरलेला निळा-काळा.’ प्रत्यक्षात पान बऱ्याचदा सगळंच निळं होतं. मग पान चुकलं असं ठरतं आणि वही बरोबर राहते! पान चुकत नाही हो. ते दिवसा स्टार्च साठवतं आणि रात्री त्याची साखर करून झाडाला पुरवतं. आधीचा साठा संपवलाच नाही, तर कागदाखाली कालचा स्टार्च सापडणारच. म्हणून कुंडी पूर्ण अंधारात ४८ तास ठेवायची. ही पायरी गाळली की प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही. सकाळच्या शाळेत साडेसातला तोडलेल्या पानाची अडचण उलटी : रात्रीत साठा बराच खर्च झालेला, नवा अजून जमलेला नाही. म्हणून पान दुपारी तोडा.

पुढची गफलत जरा चतुर आहे. काळा कागद प्रकाश अडवतो, पण घट्ट बसला तर हवाही अडवतो, कारण जास्वंदीची रंध्रं, म्हणजे हवा आत घेणारी बारीक छिद्रं, मुख्यतः पानाच्या खालच्या बाजूला असतात. मग स्टार्च झाला नाही तो प्रकाशाअभावी की कार्बन डायऑक्साइडअभावी? एखाद्या विद्यार्थिनीने हे विचारलं तर तिला गप्प बसवू नका. तेवढ्याच आकाराचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा शेजारच्या पानाला तसाच चिमट्याने लावा. त्याखाली निळं आलं तर दोष अंधाराचा. नाही आलं तर कागद सैल करा आणि पुन्हा सुरुवात.

मग पान उकळत्या पाण्यात मिनिटभर धरायचं. पेशी मरतात, आयोडीनला वाट मिळते. यानंतर बर्नर बंद! हे मी ओरडून सांगतोय, कारण आता अल्कोहोल येणार. ते ७८ अंशांना उकळतं आणि त्याची वाफ झटकन पेट घेते. पान घातलेली अल्कोहोलची परीक्षानळी त्याच गरम पाण्याच्या चंचुपात्रात ठेवली की पुरे. हरितद्रव्य उतरतं, पान फिकट आणि काचेसारखं ठिसूळ होतं. कोमट पाण्यात बुडवलं की मऊ पडतं. पण आयोडीन घालताना पान गार हवं. स्टार्च-आयोडीनचा निळा रंग उष्णतेने जातो आणि गार झाल्यावर परत येतो. घाईतल्या गुरुजींचे निम्मे गुण इथेच जातात. आणि हो, कांद्याची पात घेऊ नका. ती स्टार्च साठवतच नाही, साखर ठेवते.

एवढा पानाचा पाठपुरावा कशासाठी? तर ‘खत हे झाडाचं अन्न’ ही समजूत या एका पानाने मोडते म्हणून. फ्लेमिश वैद्य आणि रसायनज्ञ व्हॅन हेल्माँटने विलोच्या झाडाचं ५ पौंडांचं रोप २०० पौंड कोरड्या मातीत लावलं. पाच वर्षांनी झाड १६९ पौंडांचं झालं आणि माती घटली सुमारे २ औंस. हे १६४८ मध्ये छापून आलं. सारं वजन पाण्यातून आलं, असा निष्कर्ष त्याने काढला. तो अर्धाच खरा होता, हवेचा वाटा त्याला दिसला नाही. लाकडाच्या सुक्या वजनात जवळपास निम्मा कार्बन, आणि तो सगळा हवेतला. चुलीत उरलेली राख आणि धुरातून गेलेला थोडा नायट्रोजन, मातीचा हिस्सा एवढाच. शिवाय खतातून झाडाला ऊर्जा मिळत नाही. ती उन्हातूनच येते. १७७९ मध्ये डच वैद्य इंगेनहाउसने दाखवलं की हवा सुधारण्याचं, म्हणजे ऑक्सिजन सोडण्याचं, काम झाडाचे हिरवे भाग उजेडातच करतात.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे पत्रिकेवरचा विषय पाच मिनिटांत!

पळतो. पानावर पडलेल्या उन्हापैकी पिकात साठते ती ऊर्जा बहुधा एक-दोन टक्क्यांच्या आतच. गवत, नाकतोडा, बेडूक, साप अशी पायरी चढताना दर टप्प्याला ढोबळमानाने दहावा हिस्सा पुढे जातो, बाकीचा हालचाल आणि उष्णता यांत संपतो. म्हणून साप थोडे, नाकतोडे फार. धिंगरी आळिंबी अंधाऱ्या खोलीत वाढते खरी, पण खाते गव्हाचं काड, म्हणजे साठवलेलं ऊनच. अमरवेल यजमान झाडाचं ऊन चोरते. चंद्रपूरचा कोळसा म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुनं ऊन.

अपवाद? १९७७ मध्ये गालापागोसजवळ, सुमारे अडीच किलोमीटर खोल समुद्रतळाशी, गरम झऱ्यांभोवती वस्ती सापडली. तिथले जीवाणू हायड्रोजन सल्फाइडवर जगतात आणि नळीसारखे मोठे कृमी त्या जीवाणूंवर. ‘सूर्याशिवाय जीवन’ म्हणून गाजावाजा झाला. पण सल्फाइड वापरायला त्यांना लागणारा ऑक्सिजन वरच्या हिरव्या सृष्टीनेच सोडलेला! खरा अपवाद दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतला, २.८ किलोमीटर खोलीवरचा एक जीवाणू. खडकांतल्या किरणोत्साराने पाणी फुटून निघणाऱ्या हायड्रोजनवर तो जगतो.

दुसरी चिठ्ठी. आज शुक्रवार. कुंडी संध्याकाळी कपाटात ठेवा, रविवारी संध्याकाळी कागद आणि प्लॅस्टिकचे चिमटे लावूनच बाहेर काढा, सोमवारी दुपारी पान तोडा.