वस्तीची गाडी

(देवगड तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात एसटीच्या निवृत्त वाहकाने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)

मंडळी, नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी अर्ध्यांवर तरी मी कधी ना कधी 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणून खेकसलेला आहे. त्याची माफी आधी मागतो, मग बोलतो.

फळ्यावर तुम्ही 'नैराश्याचे व्यवस्थापन' असं लिहिलंय. व्यवस्थापन आमच्या डेपो मॅनेजरकडे असायचं. मी तिकिटं फाडली, 31 वर्षं. पण हा आजार मला दोनदा झालाय आणि अजून तो माझ्या घराच्या मागल्या दारी बसलेला असतो, म्हणून बोलायचा थोडा हक्क आहे.

पहिली खेप 2006 सालची. माझं वय 44. घरात भांडण नाही, कर्ज नाही, त्या वर्षी आंबाही बरा झालेला. गणपती गेले आणि मला पहाटे तीनला जाग यायला लागली. जाग म्हणजे कशी, छातीवर जातं ठेवल्यासारखी. सकाळ सगळ्यात वाईट जायची, संध्याकाळी जरा हलकं वाटायचं. समोरचा माणूस 'कणकवली दोन' म्हणायचा आणि मला पुन्हा विचारावं लागायचं. सुटे पैसे मोजताना हिशोब चुकायचा. बायकोने बांगड्याचं तिखलं पुढ्यात ठेवलं तरी चव म्हणून लागायची नाही. लोकांना वाटतं हा आजार म्हणजे रडू. मला रडूसुद्धा येत नव्हतं. आलं असतं तर बरं वाटलं असतं.

आणि जो तो विचारणार, 'पण कारण काय?' मलेरिया झाला तर तो डास कुठल्या वाडीतला होता असं कोणी विचारतं का? इथे मात्र कारण लागतं. कधी कारण असतं, कधी नसतं. झोप, भूक, आवड, लक्ष ही सगळी एकदम बिघडली, मन सतत खाली राहिलं किंवा आपण कुचकामी आहोत असं वाटत राहिलं, आणि हे दोन आठवडे रोजच्या रोज चाललं, तर कारण सापडायची वाट न बघता डॉक्टर गाठायचा.

आम्ही मात्र आधी बाकीचं सगळं केलं. कोणी म्हणालं घराण्याच्या मूळपुरुषाचं देणं राहिलंय, कोणी म्हणालं गावच्या राखणदार देवाला विसरलात. नारळ झाले, कोंबडा झाला, एका माणसाने अंगारा देऊन चांगलेच पैसे काढले. मी देवाला मानणारा माणूस आहे म्हणून हे स्पष्ट सांगतो. त्या दिवसांत आजारी माणूस आधीच स्वतःला दोषी समजत असतो. त्याला 'तुझं देवाचं काहीतरी चुकलं' असं सांगणं म्हणजे बुडणाऱ्याच्या खिशात जांभा दगड घालणं.

शेवटी बायको देवळात गेली आणि गुरवाला म्हणाली, कौल लावा. तुम्हाला माहीतच आहे, देवीच्या अंगावर फुलांचे कळे लावतात, उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. तिने विचारलं, यांना रत्नागिरीला डॉक्टरकडे नेऊ का? उजवा पडला. पुढे बरा झाल्यावर मी एकदा गुरवाला गंमतीने विचारलं, 'डावो पडलो असतो तर?' तो म्हणाला, 'परत लावलंय असतंय. देवीक काय घाई आसा?' माझ्या मते त्या गुरवाइतकी श्रद्धेची समज फार थोड्यांना असते.

आता रत्नागिरी म्हटल्यावर तुमच्या मनात काय आलं ते मला कळतं. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय इंग्रजांच्या काळापासूनचं. 'याक रत्नागिरीक पाठवूक होया' ही आपल्याकडे शिवी आहे. त्या मार्गावर मी स्वतः रुग्ण घेऊन जाणाऱ्या नातेवाइकांना तिकिटं दिलीत आणि त्यांच्याकडे बघायचं टाळलंय. मग एक दिवस मीच साध्या कपड्यांत खिडकीजवळ बसलो आणि माझ्याच ओळखीच्या कंडक्टरने मला तिकीट दिलं. तो काही बोलला नाही. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत कोण होतं? एक शिक्षक, एक बाळंतीण, होडीवरचे दोन खलाशी. एसटीत भेटतात तीच माणसं.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, थायरॉईड कमी पडलं तरी माणूस असाच मंदावतो म्हणून. ते ठीक निघालं, मग गोळी दिली. गोळीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण इथेच बहुतेकजण गळतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पण मळमळ, तोंड कोरडं पडणं हे पहिल्याच आठवड्यात येतं. म्हणजे भाडं आधी भरायचं आणि गाडी नंतर यायची. चार महिन्यांनी बरं वाटलं म्हणून मी आपल्या मनाने गोळी बंद केली आणि पुन्हा खाली आलो. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने घ्यायची असते, आणि सोडायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू कमी करत. मघाशी येताना एका काकींनी विचारलं, उपासाला गोळी चालते का. चालते, काकी. साबुदाण्यापेक्षा हलकी असते.

पण गोळी घेऊन माणूस अंथरुणातच राहिला तर? माझं तेच झालं होतं. तिथून मला बाहेर काढलं ते वस्तीच्या गाडीने.

तरुण मुलांसाठी सांगतो. वस्तीची गाडी म्हणजे रात्री गावात मुक्काम करणारी. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या पडवीत झोपणार आणि सकाळी सहाला गाडी परत निघणार. पावसाळ्यात कितीतरी वेळा स्टॉपवर एकही माणूस नसायचा. तरी सहाला मी डबल बेल द्यायचो आणि गाडी सुटायची. दोन वळणं गेली की कोणीतरी छत्री हलवत उभं असायचं. माणसं भरल्यावर गाडी सोडू असं म्हटलं असतं तर ती गाडी आजही तिथेच उभी असती. मी मात्र स्वतःच्या बाबतीत नेमकं तेच करत होतो. मन भरलं की उठू, उत्साह आला की आंघोळ करू, बरं वाटलं की चार माणसांत जाऊ.

माझ्याबरोबरचे ड्रायव्हर मुसलमान होते, वयाने मोठे, मी त्यांना चाचा म्हणायचो. वस्तीला असलो की पहाटे उठून, वजू करून नमाज पढायचे. मी एकदा विचारलं, चाचा, रोज मन लागतं का हो? ते म्हणाले, 'मनाला कोण विचारतं? वेळ झाली की उठायचं. ते येतं मागनं, कधी येतं, कधी नाय येत.'

मग मी माझं वेबिल सुरू केलं. कंडक्टरला प्रत्येक टप्प्यावर वेबिल भरावं लागतं, कुठल्या नंबरापर्यंत तिकिटं गेली ते. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. आजारी माणसाला सहा किलोमीटर म्हणजे हिमालय. मी टप्पा लहान केला. खाटेवरून मोरी, एक टप्पा. मोरीतून चूल, दुसरा. एक वाटी पेज, तिसरा. खळ्यात, म्हणजे अंगणात, दहा मिनिटं, चौथा. प्रत्येक टप्प्यापुढे मन कसं आहे त्याला दहापैकी आकडा. सुरुवातीला सगळीकडे एक आणि दोन. आठवड्याभराने वही बघताना दिसलं की अंथरुणात लोळत काढलेल्या सकाळीपुढे कायम एक आहे, आणि कलमांना पाणी घातलं त्या पुढे कधी तीन, कधी चार. मला वाटत होतं दिवसभर सगळं सारखंच काळं आहे. वही म्हणत होती, नाही.

हे काही माझं डोकं नाही हं, हे मला नंतर कळलं. गोव्यात नर्स असलेल्या पुतणीने सांगितलं. शेजारच्या गोव्यातच 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच पद्धतीवर अभ्यास झाला, 2017 साली तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेले 495 लोक होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याशिवाय सहा ते आठ भेटी. भेटी घेणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. ती काय करायची? रुग्णाबरोबर बसून दिवसातली छोटी कामं ठरवायची, ती करताना मन कसं होतं ते नोंदवायला सांगायची, काम अडलं तर तोडगा काढायची. तीन महिन्यांनी नुसत्या नेहमीच्या उपचारांवर 100तले 39 सावरले, या भेटी मिळालेले 64. हातचलाखी नाही, चमत्कार नाही. 64 म्हणजे 36 राहिलेच, हेही लक्षात ठेवा. त्यांना आणखी काही लागतं.

बाकीच्या सवयी तुम्हाला ठाऊक आहेत, सांगण्यात वेळ घालवत नाही. पण पावसाळ्याबद्दल बोलायला हवं. जून ते सप्टेंबर आपलं घर म्हणजे अंधारी पेटी. मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै, त्यामुळे होड्या ओढलेल्या, हाताला काम नाही. दुपारची झोप वाढते, रात्रीची जाते, आणि मग बाटली येते. दारूने झोप लवकर लागते, पण पहाटे तीच मोडते. आणि पहाट हीच या आजाराची वेळ. गोळीबरोबर तर नकोच. उजेडाचं मात्र लोकांना माहीत नसतं. कितीही ढग असले तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी पट जास्त असतो आणि शरीराचं घड्याळ त्यावर लागतं. म्हणून उठल्यावर चहाचा कप घेऊन पडवीत बसा. आत टीव्हीपुढे नको. उठायची वेळ एकच ठेवा, रात्री झोप लागली नाही तरी. मला एवढी एक गोष्ट पाळता आली तर बाकीची निम्मी आपोआप पाळली जातात.

दुसरी खेप 2021ची. आदल्या वर्षी निवृत्त झालो होतो. निवृत्तीचा हार वाळला तसं माझं वेळापत्रकही गेलं. त्यात लॉकडाऊन, आणि मे महिन्यात तौक्ते वादळ. आंबा जमिनीवर, दोन कलमं मुळासकट आडवी, किती दिवस वीज नाही. पुन्हा पहाटेचे तीन. या वेळी ओळखलं लवकर, डॉक्टरांना फोन केला, गोळी चालू झाली. पण सहाची गाडी कुठून आणू?

आमच्या वाडीकडून बंदरावर जाताना रस्त्याकडेला एक घुमटी आहे, लहानसं देऊळच. दिवा लागायचा कधीतरी, सणासुदीला. मी ठरवलं, रोज तिन्हीसांजेला जाऊन दिवा लावायचा. जाऊन-येऊन अर्ध्या तासाची चाल. खिशात काडेपेटी, बाटलीत तेल. पहिले दोन महिने मला तिथे काहीही वाटलं नाही. हे मुद्दाम सांगतोय. त्या वर्षी गणपतीत आरतीला उभा होतो, टाळ वाजत होते, आणि माझ्या आत नुसतं लाकूड. मला वाटलं देवही गेला. डॉक्टरांना हे बोललो तेव्हा ते म्हणाले, जेवणाची चव गेली तेव्हा तुम्ही म्हणालात का, की मासळी नासकी आहे? चव जाते तशीच भक्तीही जाते या आजारात. आपला नेम तेवढा चालू ठेवा.

मग एकदा पावसाने दोन दिवस गेलो नाही. खरं सांगतो, पाऊस निमित्त होतं. तिसऱ्या दिवशी मासे विकणारी एक बाई दारात टोपली उतरवून म्हणाली, 'दोन दिस दिवो नाय दिसलो. बरां आसा मां?' माझ्या दिव्यावर कोणाचं लक्ष असेल हे मला ठाऊकच नव्हतं. ती पहाटे-संध्याकाळी त्याच रस्त्याने जायची. त्या दिवशी वहीत मी सहा लिहिलेत. देवाने पाठवली की बाजाराने, मी तपास केला नाही.

एक गोष्ट मात्र वेबिलात बसत नाही. जगू नये असं वाटायला लागलं, तर त्या दिवशी टप्पे, दिवा, वही सगळं बाजूला. त्या दिवशी माणूस हवा. मी बायकोला सांगितलं होतं, दोन शब्दांत, पाठ फिरवून. तिने शेजारून दिराला बोलावलं आणि रात्रभर दोघं माझ्याजवळ बसून पत्ते खेळली. उपदेश एका शब्दाचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर. तुमच्या घरी कोणी असं बोललं तर त्याला एकटं सोडू नका, आणि 14416 हा टेलिमानसचा नंबर फिरवा. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. पोलिसांच्या भीतीने लपवू नका. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असंच धरलं जातं. त्याला शिक्षा करण्यापेक्षा त्याची काळजी घेणं सरकारवर बंधनकारक केलंय.

पाणी द्या जरा.

हां, मागे बसलेला तो मुलगा काहीतरी विचारतोय. मोठ्याने बोल. ...आता मी बरा आहे का? सकाळी वहीत चार लिहिलेत. इथे येताना घुमटीकडे थांबलो, दिवा लावला, वारा होता, तीन काड्या गेल्या. तेव्हाचे पाच. आताचा आकडा घरी जाऊन लिहितो.