लिंबाच्या नवतीवरची नागअळी

श्रोतेहो, नमस्कार.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागात ज्यांच्याकडे कागदी लिंबाची झाडं आहेत, त्यांनी कोवळ्या पानांवरची चंदेरी, वेडीवाकडी रेघ पाहिलीच असेल. गोगलगाय सरपटत गेल्यासारखी. ही करणी नागअळीची. टोमॅटोच्या पानावर अशाच रेघा ओढणारी अळी असते माशीची. लिंबावरची मात्र पतंगाची. हा पतंग सहसा कुणाच्या नजरेला पडत नाही. पडणार कसा? पंख पसरले तरी चार-पाच मिलिमीटरच्या आतबाहेर, रंग रुपेरी पांढरा, पंखाच्या टोकाला काळा ठिपका, आणि वावर सांजसकाळचा.

मादी नवतीवर, म्हणजे नव्या कोवळ्या फुटीवर, एकेक अंडं घालते, बहुधा पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेजवळ. जून, कडक पान तिला चालत नाही. अळी निघाली की थेट पानाच्या सालीखाली शिरते आणि आतल्या आत खात पुढे सरकते. रेघ सुरुवातीला केसासारखी बारीक असते, अळी पोसत जाईल तशी रुंदावते. मधोमध जो काळसर दोरा दिसतो, ती तिची विष्ठा. शेवटी ती खाणं थांबवते, पानाची कड दुमडते आणि आत कोष करते. दुमडलेली कड नखाने उलगडून बघा, तपकिरी कोष सापडेल.

आता आपलं काय होतं, पान वळलेलं दिसलं की आपण पंप पाठीवर घेतो. तोवर अळीचं खाऊन झालेलं असतं, वळलेलं पान काही सरळ होत नाही, आणि अळी मारणाऱ्या बारीक परोपजीवी माश्या मात्र फुकट मरतात. फवारायचंच तर नवती बोटभर असतानाच पाच टक्के निंबोळी अर्क, संध्याकाळी, पानाच्या दोन्ही अंगांना.

जपायचं ते रोपवाटिकेतल्या आणि पहिल्या चार वर्षांतल्या झाडांना. पावसाळ्यात तर जास्तच, कारण याच जखमांतून खैऱ्या रोगाचे जिवाणू आत शिरतात. पाणसोट, म्हणजे सरळसोट जोमाने वाढणारे फुटवे, दिसतील तसे काढा. युरिया एकदम ओतू नका, नाहीतर नवती पुढेमागे फुटतच राहते आणि मादीची बारमाही सोय होते.

मोठं झाड हे सोसतं. त्याची वळलेली पानं तोडत बसू नका. उरलेला हिरवा भाग झाडासाठी अन्न करतच असतो.

नमस्कार.